कार्ड बाहेर आहे

१२ फेब्रुवारी

चि. बटण्या,

आशीर्वाद आहेतच, पण ते पत्राच्या शेवटी. ‘इकडे सर्व क्षेम’ लिहून सुरुवात करायची आपल्या घरातली रीत मी आज मोडते आहे. इकडे क्षेम नाही, आणि खोटं लिहायला मी काही तुमच्या कंपनीत नोकरीला नाही.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुला हसू येईल. हस. मी आधी तुमच्या मदतकेंद्राकडे तक्रार टाकली होती. सातव्या सेकंदाला उत्तर आलं, ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या नोंदवली गेली आहे.’ दुसऱ्या दिवशी आलं, ‘आपली तक्रार सोडवली गेली आहे.’ कुणी सोडवली, कशी सोडवली, देव जाणे. मग म्हटलं, ज्याला लहानपणी दिसेल ते बटण दाबायची खोड होती आणि जो आता त्याच खोडीचा पगार घेतो, त्यालाच लिहावं.

घडलं ते असं. चार तारखेला, मंगळवारी, साडेअकराच्या पुढे आमच्या दवाखान्याच्या औषधखिडकीवर एक बाई आल्या. शिवणकाम करतात. सुई लागून बोट पिकलं होतं. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीची कॅप्सूल लिहून दिली होती. मी त्यांचा नंबर तुमच्या पडद्यावर टाकला. हिरवी पट्टी आली, ‘अ‍ॅलर्जीची नोंद नाही.’ मी औषध दिलं. बाईंनी समोरच्या नळावर पहिली कॅप्सूल घेतली आणि बाकावर बसून पिशवी आवरेपर्यंत त्यांचा गळा सुजला. दवाखान्यातच होत्या म्हणून वाचल्या. घराच्या वाटेवर असत्या तर आज मी हे पत्र वेगळ्या शाईने लिहिलं असतं. तीन दिवस वरच्या मजल्यावर नळ्या लावून पडल्या होत्या.

दुपारी मी तोच नंबर पुन्हा टाकला. लाल पट्टी! ‘पेनिसिलिन, गंभीर.’ तीन वर्षांपूर्वीची नोंद. सकाळी हिरवी, दुपारी लाल. सरड्याला तरी रंग बदलायला कुंपण लागतं.

आता चौकशी बसली आहे, २८ मार्चला. आमच्या प्रशासकाला आम्ही ‘इस्त्री’ म्हणतो; त्याच्या शर्टाला सुरकुती नाही आणि मेंदूला वळी नाही. त्याचं म्हणणं, नोंद होती, ती बाईंनी पाहिलीच नाही. एकतीस वर्षं मी या खिडकीत उभी आहे. डिसेंबरात निवृत्त होणार. एकतीस वर्षांत माझ्या हातून कुणाला चुकीची गोळी गेली नाही, आणि आता नावापुढे ‘निष्काळजी’ लिहून मला घरी पाठवणार.

मला तुमच्या कंपनीकडून एवढंच कागदावर हवं आहे की चार तारखेला सकाळी तुमच्या यंत्राने खोटं सांगितलं. यंत्र खोटं बोलतं हे मला नवीन नाही. तुमचा पडदा आल्यापासून त्याच्या चुका मी एका वहीत लिहिते आहे. एकशे अकरा झाल्या होत्या. वाचून दाखवायची वेळ येईल असं वाटतच होतं.

आशीर्वाद. (शेवटी म्हटलं होतं. विसरले नाही.)

आत्या

---

१८ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. सर्वात आधी, मला बटण्या म्हणणं बंद कर. तू पाकिटावरसुद्धा तेच लिहिलं होतंस. खालच्या पहारेकऱ्याने चार मजले ऐकतील अशा आवाजात ‘बटण्या कोण?’ म्हणून विचारलं. मी छत्तीस वर्षांचा आहे आणि माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत.

झालेल्या प्रकाराचं वाईट वाटलं. बाई बऱ्या आहेत हे चांगलं झालं. पण यंत्र खोटं बोलत नाही. यंत्राला खोटं बोलता येत नाही, तो गुण माणसांचा.

साध्या भाषेत सांगतो. तुमचा पडदा म्हणजे आमच्या भाषेत क्लायंट, विचारणारा. तो आमच्या इथल्या सेवेला विचारतो, ‘या नंबरच्या माणसाला कशाची अ‍ॅलर्जी आहे?’ सेवा नोंदींच्या साठ्यातून शोधून यादी पाठवते. यादी रिकामी असेल तर पडदा हिरवा. यात बिघडण्यासारखं काही नाही. दिवसाला लाखभर प्रश्नांना आम्ही उत्तरं देतो. माझा अनुभव असा की दहातल्या नऊ तक्रारी वापरणाऱ्याच्या बोटांतून निघतात. एखादा आकडा मागेपुढे झाला असेल. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास?

तरी तुझ्या समाधानासाठी तीन गोष्टी करून बघ.

एक, यंत्राची मागची तार काढ आणि नंबर टाक. दोन, आकडे मागेपुढे करून टाक. तीन, अस्तित्वातच नाही असा नंबर टाक. काय दिसतं ते जसंच्या तसं लिही. ‘लाल लाल काहीतरी आलं’ असं नको.

इकडे सगळं ठीक.

तुझा भाचा

---

२२ फेब्रुवारी

चि. बटण्या,

नऊ माणसांच्या साहेबाला आशीर्वाद.

चष्मा सप्टेंबरात तपासला. तुझे तिन्ही प्रयोग केले. कॉन्व्हेंट शाळेत मदर आम्हाला प्रयोगवहीत ‘केले, पाहिले, समजले’ असे तीन रकाने पाडायला लावायच्या. तिसरा रकाना मी तुझ्यासाठी कोरा सोडते.

तार काढली. पडद्यावर काळ्या अक्षरांत आलं, ‘संपर्क नाही.’ म्हणजे तार निघाल्याचं त्याला कळतं. म्हणजे चार तारखेला तार निघाली नव्हती.

आकडे मागेपुढे केले. एका पाच महिन्यांच्या बाळाचं नाव आलं. पट्टीवर नाव येतं, बटण्या. चार तारखेला नाव आलं नव्हतं, नुसती हिरवी पट्टी आली होती. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं, असं तू म्हणशील. म्हण.

तिसऱ्यासाठी मी समोरच्या बेकरीचा फोन नंबर टाकला. पडद्याने क्षणाचाही विचार न करता हिरवी पट्टी दाखवली, ‘अ‍ॅलर्जीची नोंद नाही.’ तुमच्या लाखभर उत्तरं देणाऱ्या सेवेच्या मते बेकरीच्या टेलिफोनला पेनिसिलिन खुशाल द्यावं. मग मी भिंतीवरच्या घड्याळाचा अनुक्रमांक टाकला. घड्याळालाही कशाची अ‍ॅलर्जी नाही. इस्त्रीचा गाडी नंबर टाकला. हिरवं. मी आणि ड्रेसिंगवाल्या सिस्टर पोट धरून हसलो. त्यांना म्हटलं, एवढी निरोगी वस्ती जगात कुठे नसेल.

असल्या दगडाकडे बघून आम्ही औषधं देतो. पूर्वी मी प्रत्येकाला विचारायची, ‘तुम्हाला कशाचा त्रास होतो का?’ एका माणसामागे दहा सेकंद. इस्त्रीने सूचना लावली, विचारू नये, रांग वाढते, पडदा सांगतो. मला माझी माणसं पडद्याशिवाय पाठ आहेत. नंबर ४४१७, गवंडी, सल्फा चालत नाही, अंगभर फोड येतात. झोपेतून उठवून विचार, सांगेन. पण त्या शिवणाऱ्या बाई मला नव्या होत्या.

आता सांग, तुझा ‘वापरणारा’ कुठे चुकला?

आशीर्वाद.

आत्या

---

१ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. घड्याळाचा प्रयोग करायला सांगितलं नव्हतं.

मी आमच्या बाहेरच्या नोंदवहीत पाहिलं. कुणी काय विचारलं आणि आम्ही कोणता आकडा परत दिला, हे तिथे असतं. प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा जातो. दोनशे म्हणजे सगळं ठीक. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे विचारणाऱ्याचं चुकलं, जसं की असा माणूसच नाही. पाचशेच्या घरातला म्हणजे आमचंच काही बिघडलं. पडदा आधी हा आकडा बघतो. चार तारखेला सकाळी तुमच्या खिडकीच्या प्रत्येक प्रश्नाला दोनशे गेलं आहे.

बेकरीलाही दोनशेच गेलं. ते चुकीचं आहे, मान्य. तिथे चारशे चार जायला हवं होतं.

हे असं का, ते सांगतो, पण इस्त्रीला सांगत बसू नकोस. आमच्या दाराशी एक मोठा फलक आहे. त्यावर त्या दिवशी किती पाचशे गेले त्याचा आकडा असतो. पाच वर्षं तिथे शून्य आहे. बाहेरची माणसं आली की साहेब आधी तो शून्य दाखवतात. ‘क्लायंटला पाचशे दिसता कामा नये’ हा इथला पहिला धडा. म्हणून सेवा लिहिताना कुणीतरी अशी सोय केली की आत काहीही बिनसलं तरी ते तिथल्या तिथे गिळायचं आणि दोनशे सोबत रिकामी यादी पाठवायची. ज्याने लिहिलं त्याच्यावर तेव्हा बराच दबाव असणार. शिवाय त्याने उत्तराच्या तळाशी एक शेरा ठेवलेला आहे, ‘साठ्याकडून उत्तर नाही’ असं त्यात लिहिलं जातं. तुमचा पडदा ज्यांनी बनवला त्या दुसऱ्या कंपनीतल्या दिवट्यांनी तो शेरा वाचण्याचे कष्टच घेतले नाहीत. आकडा बघितला, दोनशे, रंगवलं हिरवं. अशा माणसांच्या हातात मी कुलपाची किल्लीही देणार नाही.

खरं काय झालं ते आतल्या नोंदवहीत असेल. ती पंचेचाळीस दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. म्हणजे एकवीस मार्चपर्यंत. ती बाहेर न्यायला साहेबांची परवानगी लागते. बघतो.

इकडे सगळं ठीक.

तुझा भाचा

---

५ मार्च

बटण्या,

‘कुणीतरी’, ‘ज्याने लिहिलं तो’. बरं.

मी तुला एक विचारते. पोस्टमनने दार वाजवलं, पाकिटावर ठळक अक्षरांत ‘आत सगळं ठीक आहे’ लिहिलेलं, आणि आत मयताची बातमी, तीही चौथ्या पानाच्या तळाला, शेरा म्हणून. वर तू म्हणणार, चौथं पान न वाचणारे दिवटे! तो दिवटा तर आहेच. पण पाकीट लिहिणाऱ्याला काय म्हणायचं, ते तूच सांग, माझ्या शाळेत तो शब्द वापरू देत नसत.

तुझ्या बापाला याचं उत्तर ठाऊक होतं. दादा शिकला किती, तर दहावीत दोनदा बसला. पण या दवाखान्याची कार्डांची खोली त्याने बावीस वर्षं सांभाळली. पिवळसर कार्डं, कोपऱ्यावर लाल खूण असेल तर अ‍ॅलर्जी. कुणी डॉक्टर कार्ड वर घेऊन गेला की दादा त्या जागी निळी चिठ्ठी खोचायचा, ‘कार्ड बाहेर आहे’. खाली कुणी नेलं ते. कापसाच्या गुंडाळीला निळा कागद यायचा, त्याच्या चिठ्ठ्या. शाळा सुटली की तूच बसायचास कापायला, जीभ बाहेर काढून. मी गोळ्यांच्या रिकाम्या डब्या द्यायची, त्यात तू त्या भरायचास.

मी दादाला एकदा चिडवलं होतं, एवढा उपद्व्याप कशाला? तो म्हणाला, “अगं, कप्प्यात काहीच नसलं तर दोन अर्थ होतात. एक, या माणसाचं कार्डच नाही. दोन, आहे, पण आत्ता माझ्याकडे नाही. दोन्हींत एक जीव जाण्याइतका फरक आहे.”

दहावी नापास माणूस. त्याच्या मुलाच्या कंपनीत नऊ माणसं हाताखाली आणि दारात शून्याचा फलक.

आणि तुझं ते ‘इकडे सगळं ठीक’. प्रत्येक पत्राच्या शेवटी. मला आता ते वाचवत नाही. चार वर्षांपूर्वी दादा तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात होता तेव्हा मी तुला विचारलं होतं, येऊ का? तू कळवलंस, ‘बाबा ठीक आहेत, घाई नको.’ मी भरलेली बॅग पलंगाखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजाऱ्याचा फोन आला. मी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. माझी रडारड नको होती तुला, हे मी समजून घेतलं. म्हणजे समजून घेतलं असं दाखवलं. मीही दोनशेच पाठवलं म्हण ना.

परवानगी मिळाली का, तेवढं लिही.

आत्या

---

१५ मार्च

बटण्या,

दहा दिवस झाले. उत्तर नाही.

तुझ्या यंत्राच्या हिशेबाने उत्तर नाही म्हणजे सगळं ठीक. माझ्या हिशेबाने सहा दिवस उरले आहेत.

आत्या

---

१८ मार्च

आत्या,

सोबत आतल्या नोंदवहीचं पान आहे आणि माझ्या सहीचं निवेदन. दोन्ही चौकशीत दे.

साहेबांनी परवानगी दिली नाही. म्हणाले, “अरे, एका म्हाताऱ्या कंपाउंडरच्या हट्टापायी आपण स्वतःहून गुन्हा कबूल करायचा?” मी म्हटलं, ती म्हातारी फार्मसिस्ट आहे आणि माझी आत्या आहे. ते म्हणाले, मग तर नाहीच. मी पान काढलं आणि खाली जाऊन छापलं. काल मला नोटीस मिळाली.

दहा दिवस मी परवानगीसाठी थांबलो होतो असं तुला वाटावं, अशी माझी इच्छा होती. तसं नाही. ‘कुणीतरी’ कोण, हे निवेदनात लिहायला मला दहा दिवस लागले. मी लिहिलं ते. पाच वर्षांपूर्वी, एका दुपारी, चार ओळी. ‘काहीही बिघडलं तर रिकामी यादी दे आणि पुढे चल.’ दबाव वगैरे काही नव्हता. दुसऱ्या दिवशी फलकावर शून्य आला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. नऊ माणसं त्यानंतर हाताखाली आली.

पान असं वाचायचं. चार तारखेला दहा बावन्नपासून अकरा सत्तेचाळीसपर्यंत नोंदींचा साठा अडकला होता. सेवा तीन सेकंद वाट बघायची, कंटाळायची आणि रिकामी यादी पाठवायची. तुमच्या खिडकीवरून त्या वेळात अकरा प्रश्न आले. अकराच्या अकरा हिरवे. त्या बाईंचा नंबर अकरा अडतीसला. तू बरोबर टाकला होतास, एकही आकडा मागेपुढे नाही.

आणखी एक. अकरा पाचला ४४१७ हा नंबर विचारला गेला आहे. अकरा सहाला पुन्हा ४४१७. तो कुणाचा, हे तूच मला लिहिलं होतंस. एकच नंबर दोनदा का, हे मी विचारत नाही. ती ओळ मला छापताना गाळता आली असती. गाळली नाही. गाळायची सवय मला कुठे घेऊन गेली ते तू बघतेच आहेस.

बाबांचं. तुझा समज चुकीचा आहे, पण खरं त्याहून बरं नाही. त्या संध्याकाळी मी ऑफिसात होतो. तू विचारलंस तेव्हा मी वॉर्डात फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मी मनाशी म्हटलं, काही असतं तर त्यांनीच कळवलं असतं. आणि तुला लिहिलं, ‘ठीक आहेत.’ मला ठाऊक नव्हतं, आत्या. मी लपवलं नाही. मला ठाऊक नव्हतं आणि मी ‘ठीक’ लिहिलं.

त्या चार ओळी त्याच्या वर्षभर आधीच लिहिल्या होत्या. म्हणजे दुःखाने वगैरे लिहिल्या नाहीत. मी आधीपासूनच असा होतो.

बटण्या

---

३० मार्च

चि. बटण्या,

चौकशी झाली.

इस्त्री नवा शर्ट घालून आला होता. शिवणाऱ्या बाईही आल्या होत्या, गळ्याला रुमाल. मी तुझं पान वाचून दाखवलं. मधल्या खुर्चीतल्या वकिलांनी तीनदा विचारलं, “म्हणजे यंत्र बंद पडलं होतं आणि सांगत होतं की चालू आहे?” तिसऱ्यांदा ते इस्त्रीकडे बघून म्हणाले, “आणि तुम्ही या बाईंना तोंडाने विचारायलाही बंदी केली होती?” इस्त्रीला घाम फुटला. काखेत पहिल्यांदाच सुरकुत्या पाहिल्या. मला वाटलं होतं त्या क्षणी फार गोड वाटेल.

मग वकील म्हणाले, “बाई, तुमच्याविरुद्ध काही उरलं नाही. तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?”

मी नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्या पानावर दोन ओळी एकाखाली एक सारख्या आहेत, हे पाहायला इथे कुणाला डोळे आहेत? पण तू तुझं नाव तळाशी लिहून पाठवलं होतंस.

मी पर्समधून वही काढली. आधी एकशे अकराव्या चुकीनंतरचं पान मी मुडपून ठेवलं होतं, ते उलगडलं आणि वाचलं. ‘चूक ११२. ४ फेब्रुवारी, ११ वाजून ६ मिनिटे. गवंडी, ४४१७. सल्फा ठाऊक असूनही हिरवी पट्टी. दोनदा पाहिले.’ पुढे दोन उद्गारचिन्हं.

बटण्या, मला आनंद झाला होता. गवंड्याला तर मी सल्फा देणारच नव्हते, मला पाठ आहे तो. पण इतकी ढळढळीत चूक हातात आली होती! मनात म्हटलं, आता बघते तुम्हाला. वहीत लिहिलं, रेघ मारली, आणि पुढच्या माणसाचा नंबर त्याच पडद्यावर टाकला. यंत्र आंधळं झालंय हे अकरा सहाला मला ठाऊक होतं. अकरा अडतीसला मी त्याच आंधळ्याला वाट विचारली. खिडकी बंद करायची, वरच्या मजल्यावर निरोप द्यायचा, निदान त्या बाईंना एवढं विचारायचं, ‘त्रास होतो का कशाचा?’ बत्तीस मिनिटं होती. मी तुमच्या फजितीची चव घेत बसले होते.

शिवणाऱ्या बाईच बोलल्या. “मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं हो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असतंच.” एवढंच. रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकाल असा. ‘निष्काळजी’ काढलं. त्याऐवजी ‘दोष लक्षात येऊनही कळवला नाही’ अशी ताकीद, सेवापुस्तकात. एकतीस वर्षांच्या पुस्तकातली एकुलती एक ओळ, आणि ती खरी आहे. तोंडी विचारण्यावरची बंदी उठली. इस्त्री दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक होऊन आला. असल्यांना वाफेची कमी नसते.

दादाचं वाचलं. चार वर्षं मला वाटायचं, तुला मी नको होते. त्यापेक्षा तू नुसता गाढव होतास, हे मला सोसण्यासारखं आहे. त्या संध्याकाळी वॉर्डात कुणी फोन का उचलत नव्हतं, हे मी दवाखान्यात आयुष्य काढलेली बाई आहे, मला कळतं. सगळे त्याच्याच खाटेशी असतील. एकटा नव्हता तो.

नोटिशीचं काय झालं? नीट लिही.

आशीर्वाद. आज सुरुवातीला द्यायचे होते, राहिले.

आत्या

---

९ एप्रिल

ती. आत्या,

नोकरी गेली नाही. तुमच्या वकिलांचं पत्र साहेबांच्याही वरच्यांकडे गेलं, आणि त्या चार ओळी कुणाला तरी काढायला हव्यात, तर ज्याने लिहिल्या त्यालाच काढू दे असं ठरलं. नऊ माणसं गेली. मी आता एकटा कोपऱ्यात बसतो.

चार ओळी काढायला पाच मिनिटं लागली. त्यांच्या आडोशाला काय काय लपलं होतं ते निस्तरायला एक आठवडा. आता साठा अडकला तर पाचशे तीन जातो, माणूस नसेल तर चारशे चार, आणि खरोखर अ‍ॅलर्जी नसेल तरच दोनशे. पडदा बनवणाऱ्या त्या दिवट्यांना मी स्वतः जाऊन भेटलो. दिवटे नाहीत. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, “तुमच्याकडे पाच वर्षं एकदाही चूक झाली नाही म्हटल्यावर आम्ही चुकीचा पडदा कशाला बनवायचा?”

दारातला फलक पहिल्या दिवशी एक्केचाळीसवर गेला. साहेब तिथून जाताना आता मोबाइलमध्ये बघतात.

एक काम आहे. चुकीच्या वेळी पडद्यावर काय शब्द यावेत, हे ठरत नाहीये. आमच्याकडून सुचवलं आहे, ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ तू बघून सांग.

माझी तब्येत बरी नाही. झोप लागत नाही. बाबांच्या कपाटात कापसाच्या निळ्या कागदाचा गठ्ठा सापडला, तो टेबलावर ठेवला आहे. हे सगळं ‘ठीक’मध्ये बसत नाही, म्हणून लिहिलं.

बटण्या

---

१७ एप्रिल

चि. बटण्या,

अनेक आशीर्वाद, आणि ते पहिल्या ओळीत.

एक्केचाळीस! शाबास. दादा असता तर फलकाखाली उभा राहून त्याने सगळे मोजले असते.

तुमच्या दिलगिरीला चुलीत घाल. गळा सुजलेल्या बाईला गैरसोय होत नसते. तुझं पत्र वाचून मी घाईने फोनवर दुसरे शब्द कळवले होते, ते तुम्ही जसेच्या तसे घातलेत हे काल पाहिलं. पडद्यावर पट्टी निळी होती. निळी मी सांगितली नव्हती.

मी लगेच बेकरीचा फोन नंबर टाकून पाहिला. निळी पट्टी, ‘नोंद सापडली नाही. माणसाला विचारा.’

म्हटलं, हुकूम आहे तर पाळावा. जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून गेले आणि बेकरीवाल्याला विचारलं, “तुम्हाला कशाचा त्रास होतो का?” तो हातातला ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “पिठाचा. सत्तावीस वर्षं. दम लागतो. पण विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

त्याला उद्या तपासायला बोलावलं आहे. तू शनिवारी ये. झोपेचं मी विचारणार आहे, आणि मला यादी लागेल, रिकामी चालणार नाही.

आत्या